ग्लासगो येईपर्यंत

प्रिय विनया,

काल संध्याकाळी स्कॉटलंडहून परत आलो. बॅग अजून दाराशीच उभी आहे. कुठूनही आलो की ती उघडायच्या आधी तू स्वयंपाकघरातून म्हणायचीस, "आधी बस आणि सांग. पहिल्यापासून. मधलं गाळायचं नाही." म्हणून बसलो. पाण्याचा ग्लासही घेतला. बराच वेळ कोणी काही विचारलं नाही, तेव्हा हे लिहायला घेतलं.

लग्नाआधी मी पुण्याहून नागपूरला तुला लिहायचो, आणि तू त्यातली संस्कृत वचनं लाल पेनाने अधोरेखित करून पत्र परत पाठवायचीस, "याचा अर्थ काय आणि हे मला का सांगतोयस?" असा शेरा मारून. या वेळी एकही वचन टाकत नाही. घाबरू नकोस.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्यापासूनच सुरू करावं लागेल. शेवटच्या आठवड्यात तू सगळ्यांना कामं वाटून दिलीस. शेजारच्या शुभाला कढीपत्त्याचं झाड दिलंस, तुझ्या बहिणीला साड्या. मला म्हणालीस, "रेवाला परत आण. शिक्षण संपलं की इकडे, घरी. नाहीतर तुम्ही दोघं दोन टोकांना वाळून जाल." मी हो म्हणालो. त्या खोलीत, त्या नळ्यांमधून बोलणाऱ्या बाईला माणूस दुसरं काय म्हणणार?

पण एक विचारू? रागावू नकोस. हे काम आपण कोणाला सांगतोय याचा जरा तरी विचार केला होतास का? मी रेवाशी कधी बोललोय, विनया? आपल्या लेकीशी मी आयुष्यभर तुझ्यामार्फत बोललो, आणि ही सगळी व्यवस्था तूच लावलेली होतीस.

अवघड बोलणं गाडीत करावं, हे तुझं शास्त्र. गाडीत कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही, आणि कोणी उठूनही जाऊ शकत नाही. कॅरीतल्या, आपल्या या अमेरिकन गावातल्या, सगळ्या रस्त्यांवर आपले मोठमोठे निर्णय सांडलेले आहेत. मी ड्राइव्ह करतोय, शेजारी तू, माझ्या मागे रेवा. मला आरशात तिचं फक्त कपाळ दिसायचं. चेहरा तुझ्याकडे असायचा. तू पुढे बघून माझ्याशी मराठीत बोलायचीस आणि मागे वळून तिच्याशी इंग्रजीत. संस्कृत कवींना निरोप न्यायला हंस चालतो, पोपट चालतो, वाराही चालतो. मला एकच निरोप्या मिळाला, आणि तो पुढच्या सीटवर बसून शेंगदाणे खायचा.

आठवतंय ना, रेवाने जाहीर केलं होतं की ती कॉम्प्युटर सायन्स सोडून जुन्या कापडांचं जतन शिकणार? संग्रहालयातल्या शाली, झेंडे, राण्यांचे झगे. मी म्हणालो, "तिला म्हणावं, फाटकी वस्त्रंच सांभाळायची असतील तर सरळ संन्यास घे." तू हसलीस आणि मागे वळून म्हणालीस, "बाबा सेज ही इज प्राउड ऑफ यू." याला भाषांतर म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अनुवाद मुळापेक्षा सरस निघाला तर मूळ लेखकाने तक्रार का करावी?

तर अशा माणसाला तू मुलगी परत आणायला पाठवलंस.

एडिंबराच्या विमानतळावर रेवा घ्यायला आली होती. ती शिकते त्या ग्लासगोहून मुद्दाम. मला मिठी मारली आणि दोघांनीही एकदमच सोडली, कारण आमच्या मिठीत नेहमी तिसरी तू असायचीस आणि किती वेळ धरायचं ते तूच ठरवायचीस. दोन दिवस आम्ही एडिंबरा पाहिलं. किल्ला पाहिला, पावसात पाहिला, पाऊस थांबल्यावर पाहिला, मग परत पावसात. बोललो हवेवर. त्या देशात हा विषय कधी संपत नाही, ही त्याची आम्हा दोघांवर मोठी कृपा. जेवलास का, थंडी वाजते का, मोजे कोरडे आहेत का. तुझं नाव कोणीच घेतलं नाही. तू गेल्यापासून आम्ही ते एकमेकांसमोर घेतलेलं नाही. फोनवरही ते कडेकडेने टाळत जातो, फरशी नुकतीच पुसलेली असावी तसं.

तिचा कोर्स सप्टेंबरमध्ये संपतो. ग्लासगोच्याच एका संग्रहालयाने नोकरी देऊ केली आहे, एवढं तिने ईमेलमध्ये लिहिलं होतं, वाक्याच्या शेवटी टिंब न देता. मी ठरवलं, ग्लासगोच्या गाडीत विषय काढायचा. जेमतेम पाऊण-एक तासाचा प्रवास. तुझंच शास्त्र. कोणी उठून जाऊ शकत नाही. ग्लासगो येईपर्यंत तिच्याकडून हो घ्यायचं.

स्टेशनावर मी माझ्या परीने तयारीत होतो. गाडी सुटायच्या कितीतरी आधी रेवाला ओढत नेलं. तिकिटावर सीट नंबर नव्हता, तेव्हा डब्याच्या दाराशी नावांचा तक्ता शोधला. "बाबा, जस्ट सिट. एनीव्हेअर," रेवा म्हणाली. एनीव्हेअर! आपल्या माणसाला रेल्वेत एनीव्हेअर बसायला सांगणं म्हणजे त्याचा आधारच काढून घेणं. शेवटी मधे टेबल असलेल्या जागा मिळाल्या. मी खिडकीशी बसलो आणि ती समोर.

विनया, समोर! इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर, इतक्या जवळ, इतका वेळ कधी बसली असेल? जेवणाच्या टेबलावरसुद्धा ती तुझ्यासमोर बसायची. मला पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा एकदम दिसला. हनुवटी तुझी आहे. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गाडी हलली. गाडी हलली की डबा उघडायचा, हा आपला कुलाचार. मी चिवड्याचा डबा काढला. कॅरीहून नेला होता, शुभाने करून दिलेला, तुझ्यापेक्षा तेल जास्त. रेवा म्हणाली, "बाबा, आत्ता ब्रेकफास्ट केलाय आपण," आणि मूठभर घेतला. मला वाटलं, चला, सुरुवात तर चांगली झाली.

पुढच्याच स्टेशनात एक म्हातारे गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी बसले. सोबत ओला, तपकिरी कुत्रा. तू असतीस तर पुढच्या डब्यात गेली असतीस. कुत्र्याने माझ्या बुटावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. म्हातारबुवा माझ्याशी बोलू लागले. विनया, ते इंग्रजी होतं असं रेवा म्हणते. मी कॅरीत अर्धं आयुष्य इंग्रजीत नोकरी केली, पण त्यांचं एकही वाक्य मला धरता आलं नाही. कुत्र्याचं नाव त्यांनी पुनःपुन्हा सांगितलं. मी पुनःपुन्हा मान डोलावली.

मग रेवा भाषांतर करू लागली. "ते विचारतायत तू कुठून आलास." मी सांगितलं, ती त्यांच्याकडे वळली. "ते म्हणतायत तिकडे खूप ऊन असेल." मी काहीतरी म्हणालो, ती परत वळली. तुझ्यासारखीच मान वळवायची ढब, तसाच मधे किंचित थांबण्याचा सूर. मी बघत राहिलो. एका परक्या म्हाताऱ्याच्या आणि माझ्या मधे ती किती सहज उभी राहिली! आमच्या दोघांच्या मधे उभं राहायला कोण होतं?

म्हातारबुवांनी आणखी काहीतरी विचारलं. या वेळी रेवाने भाषांतर केलं नाही. खाली बघून त्यांना हळूच काहीतरी उत्तर दिलं. पण तेवढा एक प्रश्न मला भाषांतराशिवाय कळला होता. मिसेस नाही आल्या का, असं ते विचारत होते.

त्यांनी बाजूने हात पुढे करून माझ्या मनगटावर थोपटलं, कुत्र्यालाही तसंच थोपटलं, आणि लिनलिथगो नावाचं स्टेशन आलं तेव्हा उतरून गेले. तिथे तळ्याकाठी एक पडका राजवाडा दिसतो. रेवा म्हणाली, तिथे एक राणी जन्मली होती. मी म्हणालो, छान. गाडी सुटली. समोरासमोर आम्ही दोघं आणि मधे चिवडा.

आता काढायचाच विषय, असं ठरवून मी काढला. कसा काढला ते ऐक आणि कपाळावर हात मारून घे. मी म्हणालो, "आपल्या घरात सध्या दोनच विद्वान राहतात, मी आणि मायक्रोवेव्ह. त्याचा शब्दसंग्रह लहान आहे, पण उच्चार शुद्ध. वादात दर वेळी तोच जिंकतो. तिसरं कोणी आलं तर निदान पंच मिळेल."

ती हसली नाही. बाहेर पिवळ्याजर्द फुलांची शेतं होती, तिकडे बघत होती.

"इज धिस यू आस्किंग मी टू कम होम?"

मी म्हणालो, हो.

"मग तसं विचार ना, बाबा." आणि मग, अजून बाहेरच बघत, "मला तुझे जोक्स कळत नाहीत. कधीच नाही कळले. तू काहीतरी बोलायचास, आई हसायची, म्हणून मी हसायचे. झोपायच्या आधी ती येऊन सांगायची, बाबांना ॲक्चुअली असं म्हणायचं होतं. आता तू फोनवर जोक करतोस आणि मी फोन ठेवून विचार करत बसते, वॉज ही ओके? वॉज ही सॅड? कोण सांगणार मला?"

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, विनया. आपल्या घरात माझे श्रोते दोन आहेत असं मी समजत होतो. त्यातल्या एकीला संध्याकाळी शिकवणी लागत होती, हे मला लिनलिथगोच्या पुढे कळलं. आमच्या संस्कृतात असे काही ग्रंथ आहेत की ज्यांच्यावरची टीका हरवली. मूळ पोथी आहे, अक्षर सुवाच्य आहे, पण अर्थ लावायला कोणी नाही. लोक ती लाल कापडात गुंडाळून ठेवतात, वर्षातून एकदा फूल वाहतात. मी रेवासमोर तसा बसलो होतो.

आणि माझ्या डोक्यात तेव्हाही उत्तर म्हणून एक जोकच आला. तो मी गिळला. फॉल्कर्क आलं आणि गेलं. काही मुलं चढली, हसली, उतरली. मी डब्याचं झाकण लावलं.

ग्लासगो जवळ आलं की गाडी उताराला लागते आणि एका लांब बोगद्यात शिरते. खिडकीतून बाहेरचं सगळं गेलं. काचेत फक्त आम्ही दोघं उरलो, शेजारी शेजारी दिसत होतो. बोगद्यातच ती बोलली, माझ्याकडे नाही, काचेतल्या माझ्याकडे बघून.

"मी जॉब घेतलाय, बाबा. मागच्या आठवड्यातच हो म्हटलं. तुला कसं सांगू कळत नव्हतं. मग म्हटलं ट्रेनमध्ये सांगू. आई म्हणायची ना, गाडीत सांगावं."

म्हणजे बघ. तुझ्या एकाच शास्त्राचे दोन विद्यार्थी एकाच गाडीत बसले होते, एक न्यायला आणि एक नाही म्हणायला. दोघांनाही एवढंच हवं होतं की कोणी उठून जाऊ नये. तुला हसू आलं असतं. मलाही यायला हवं होतं.

मी विचारलं, का? एवढंच. इतका साधा शब्द मी तिला आयुष्यात पहिल्यांदा थेट विचारला असेन.

"त्या घरात मी तिला शोधते," ती म्हणाली. "त्या दिवसांत मी सगळ्या खोल्यांमध्ये बघत फिरायचे. वरच्या क्लॉझेटमध्येसुद्धा. तुला माहीत नाही. इथे ती कधी आलीच नव्हती. सो इथे तिचं नसणं नॉर्मल आहे. मला इथे श्वास घेता येतो."

"आणि मी?"

ती मग म्हणाली, "तू पण तिला शोधतोस. आणि माझ्याकडे असा बघतोस, लाइक शी माइट कम आउट ऑफ मी. आत्तासुद्धा बघत होतास. मी ती नाहीये, बाबा. मला ती होता येत नाही."

मी तिच्या हनुवटीवरून नजर काढली. कुठे ठेवावी कळेना. टेबलावर ठेवली.

उजेड आला, स्टेशन आलं. लोक उठले, बॅगा काढू लागले. आम्ही सगळ्यांत शेवटी उतरलो. फलाटावर माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. मी थांबलो आणि म्हणालो, "रेवा, नको येऊस. इथेच राहा."

ती घाबरली. "आर यू मॅड ॲट मी?"

"नाही," मी म्हणालो. "आणि हा जोक नाही."

तिने माझ्या कोटाची बाही धरली, लहानपणी पार्किंग लॉटमध्ये तुझी ओढणी धरायची तशी, आणि गर्दी ओसरेपर्यंत सोडली नाही. रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवायचा ते मला कोणी सांगितलं नाही, म्हणून ठेवूनच राहिलो.

पुढचे चार दिवस चांगले गेले, असं मी शुभाला सांगितलं. तुला खोटं सांगत नाही. चार दिवस आम्ही एकमेकांशी फार जपून वागलो. तिने तिची खोली दाखवली, काम दाखवलं, एका जुन्या शालीच्या धाग्यांवर ती वाकून बसलेली मी पाहिली. ती तिथे सुखात आहे असं नाही. पण तिथे ती जगेल. हे मी डोळ्यांनी बघून आलो.

आणि इकडे मी.

काम झालं नाही, विनया. तुला हो म्हणालो होतो आणि रिकाम्या हाताने आलो. नुसता रिकाम्या हाताने नाही. तिला नको येऊस म्हणून आलो. तू असतीस तर भांडली असतीस. भांड ना. या घरात भांडण्याइतपत तरी कोणी असावं. मराठी मंडळातले लोक म्हणतात, घर मोठं आहे, विकून टाउनहाऊस घे. कोणी म्हणतं मराठी शाळेत शिकव, तुझं संस्कृत एवढं चांगलं आहे. देशपांडेकाका म्हणाले, रोज सकाळी चालायला ये. सगळं बरोबर आहे. मी सगळ्यांना हो म्हणतो. आणि मग जिन्याखाली उभा राहतो, वर जायचं का खाली थांबायचं, ते ठरवता येत नाही. दोन्हीकडे तू नाहीस, आणि दोन्हीकडे सारखीच नाहीस. तिचं बरोबर आहे. या घरात तू नसणं कधी नॉर्मल होत नाही. पण तिला निघून जाता आलं. मी कुठे जाऊ? मी जिथे जाईन तिथे तू येऊन गेलेली आहेस.

सगळ्यांना कामं वाटलीस, माझ्यासाठी एक काढून ठेवलंस, आणि ते नेमकं न होणारं. त्यापुढचं काय करायचं ते सांगायला विसरलीस का, की तुलाही ठाऊक नव्हतं? मला वाटतं, तुलाही ठाऊक नव्हतं. तू फक्त तसं कधी दाखवायची नाहीस.

तेव्हा तुझ्या कामाच्या बदल्यात दुसरं एक वचन देतो. आवडलं नाही तर नाइलाज आहे. मी रेवाला या घरी परत बोलावणार नाही. आडून नाही, मायक्रोवेव्हच्या तोंडून नाही, दिवाळी आली, माझा वाढदिवस आला, मी आजारी पडलो, काहीही झालं तरी नाही. तिला यावंसं वाटलं तर ती येईल. दार तर आहेच. आणि तिच्याकडे बघताना मी तिलाच बघेन. हे सगळ्यांत अवघड आहे, आणि जमेल अशी मला खात्री नाही, तरी देतो.

उद्या रविवार. रविवारी फोन तू लावायचीस, मी लांबून ओरडायचो, तिला विचार जेवली का. उद्या मीच लावणार आहे. काय बोलायचं याचा कालपासून विचार करतोय. जे काही सुचतं ते गमतीचं असतं, मग खोडतो. शेवटी एकच वाक्य उरलंय: रेवा, मला आईची फार आठवण येते. त्याच्यापुढे ती काय म्हणेल, मग मी काय म्हणायचं, काहीच दिसत नाही. फोन उचलला की तेवढं म्हणेन, आणि ती बोलेपर्यंत गप्प राहीन.

तुझा,
श्रीधर